तलवार, दिया आणि माफी : रियाधमधील तेरा वर्षांनंतर शरियतच्या शिक्षांविषयी

मूळ लेखन

रियाधहून सुट्टीवर घरी आलो की एक वाक्य हमखास ऐकायला मिळे : "तिकडे बरे आहे, चोरी केली की हात तोडतात, म्हणून कोणी चोरीच करत नाही." आपल्याकडे बलात्काराचा एखादा खटला गाजत असला, की त्याला पुढचे वाक्य जोडले जाई : "आपल्यालाही सौदीसारखाच कायदा हवा." २००३ ते २०१६ अशी तेरा वर्षे मी त्या कायद्याखाली राहिलो. तिथून परतल्यालाही आता बराच काळ लोटला आहे. तो कायदा आतून कसा चालतो आणि आपल्यासारख्या परक्या माणसाच्या वाट्याला त्यातले काय येते, हे शांतपणे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

देरा चौक जुन्या रियाधमध्ये आहे. मस्मक किल्ला आणि इमाम तुर्की बिन अब्दुल्ला मशीद दोन्ही तिथून जवळ आहेत, आणि आपले लोक जिथे भाजी, मासळी नि मसाला घ्यायला जातात तो बत्थादेखील चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा संध्याकाळ होती. फिकट रंगाच्या फरसबंदीवर मुले सायकली फिरवत होती आणि कडेला सतरंज्या अंथरून कुटुंबे गाव्याचे (अरबी कॉफीचे) थर्मास उघडून बसली होती. सोबतच्या सहकाऱ्याने फरशीतली पाणी वाहून जाण्याची जाळी दाखवली आणि ती कशासाठी आहे हे सांगितले. शुक्रवारच्या नमाजानंतर तिथे शिरच्छेद होत. मी एकही पाहिला नाही, पाहावा असे कधी वाटले नाही. गृहमंत्रालयाची निवेदने मात्र वर्तमानपत्रात नियमित वाचत असे. आरंभी कुराणातील आयत, मग नाव, राष्ट्रीयत्व, गुन्हा, आणि शिक्षा अमलात आणल्याची नोंद. राष्ट्रीयत्वाच्या जागी पाकिस्तानी, येमेनी, सीरियन असे शब्द वारंवार येत.

बाहेरून पाहणाऱ्याला तलवार तेवढी दिसते. तिथल्या न्यायशास्त्रात शिक्षांचे तीन वेगळे वर्ग आहेत, आणि हा फरक समजल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. 'हुदूद' म्हणजे ठरावीक गुन्ह्यांसाठी नेमून दिलेल्या शिक्षा. चोरीसाठी हात तोडणे हे त्यातले. 'किसास' म्हणजे खून आणि शारीरिक इजा यांचा समसमान बदला. त्यावर हक्क मृताच्या वारसांचा किंवा जखमी माणसाचा असतो. उरलेले सगळे 'ताझीर', म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेले. सौदीत काझी मुख्यतः हंबली परंपरेने चालतात आणि ताझीरसाठी तिथे लिखित दंडसंहिता नव्हती. ती आणण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. तिच्यासोबत जाहीर झालेले पुराव्याचा, कौटुंबिक आणि दिवाणी व्यवहारांचा असे तीन कायदे आले, आणि दंडसंहिता तेवढी रखडली.

तेरा वर्षांत माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो किसासचा. खून सिद्ध झाला की न्यायालय मृताच्या वारसांना विचारते : देहदंड हवा, दिया म्हणजे रक्ताची भरपाई हवी, की अल्लाहखातर माफी द्यायची? वारसांत कोणी अज्ञान मूल असेल तर ते सज्ञान होईपर्यंत निकालाची अंमलबजावणी थांबते, आणि आरोपी तोवर तुरुंगात वाट पाहतो. माणूस मारला गेला म्हणजे राज्याविरुद्ध गुन्हा घडला, ही आपली धारणा. तिथे तो आधी एका घराचा तोटा असतो.

दिया खुनापुरतीच नसते. हातून अपघाताने मृत्यू घडला तरी ती द्यावी लागते. हे मी २००९ मध्ये जवळून पाहिले. आमच्याकडे महाड तालुक्यातला एक ड्रायव्हर होता. दम्मामच्या रस्त्यावर पहाटे त्याच्या ट्रकखाली एक म्हातारे सौदी गृहस्थ गेले. ट्रकचा विमा संपला होता आणि मालकाने तो वेळेवर भरला नव्हता. चौकशीत ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, "आँख नहीं लगी थी, वो एकदम सामने आ गये." दुभाष्याची हिंदी कामापुरती होती, त्याला 'आँख' आणि 'नहीं' एवढेच कळले असावे. अरबी जबाबात उतरले ते असे, की समोरचा माणूस मला दिसला नाही. न वाचता येणाऱ्या त्या कागदावर ड्रायव्हरने अंगठा उठवला आणि शंभर टक्के दोष त्याच्यावर आला. त्या काळी अपघाती मृत्यूची दिया एक लाख रियाल होती (२०११ मध्ये ती तीन लाख झाली) आणि त्याचा पगार होता बाराशे रियाल. तो आठ महिने आत होता. आम्ही दर महिन्याच्या पगाराला वर्गणी काढली. मलबारी, बंगाली, पाकिस्तानी, सगळ्यांनी दिली. बावीस हजार जमले. मग एका सुनावणीला मृताचा थोरला मुलगा उभा राहिला, काझीला दोन वाक्ये बोलला, आणि बाहेर येऊन त्याने आमच्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने पूर्ण माफी दिली होती. पैसे घेण्याविषयी आम्ही विचारले तेव्हा वडिलांच्या नावाने त्यांच्या गावातल्या विहिरीला द्या म्हणाला.

तो दिवस मी विसरू शकत नाही, आणि ते आठ महिनेही विसरू शकत नाही. एका सज्जन माणसामुळे ड्रायव्हर सुटला, पण त्याला आत घालणारा जबाब त्याच्या भाषेत नव्हता. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे धर्मस्वातंत्र्यावरचे अहवाल तर वर्षानुवर्षे नोंदवत असत, की सौदीत मुस्लिम पुरुषाची जी दिया, तिच्या निम्मी ख्रिस्ती किंवा ज्यू पुरुषाची, आणि हिंदू-शीख वगैरेंची सोळावा हिस्सा. त्या रस्त्यावर त्या म्हाताऱ्या गृहस्थांऐवजी मी मेलो असतो तर माझ्या पत्नीला काय मिळाले असते, हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडला होता. उत्तर सहा हजार अडीचशे रियाल आले.

वारसाला न्यायात मानाची जागा देणाऱ्या या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण तिच्यातली दया भाषा, नातीगोती आणि पैसा असलेल्या माणसापर्यंत लवकर पोहोचते, आणि परदेशी मजुराजवळ या तिन्हींपैकी काहीच नसते. माझे म्हणणे एवढेच आहे. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद (दुबईहून)

लेख आवडला, पण सुरक्षिततेबद्दल आपण काहीच लिहिले नाहीत. मी अठरा वर्षे दुबईत आहे. रात्री साडेअकराला रुग्णालयातली पाळी संपवून एकटी मेट्रोने घरी येते आणि एकदाही मागे वळून पाहावे लागलेले नाही. मुंबईत शिकत असताना हे सुख मी अनुभवले नव्हते. ज्या बाईला हे मिळते, तिला कायद्याची कठोरता अन्यायकारक वाटत नाही, हेही नोंदवले जावे.

अर्थात इथला कायदा म्हणजे सौदीचा कायदा नव्हे. अमिरातीत लिखित दंडसंहिता आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मद्यपान आणि लग्नाशिवाय एकत्र राहणे यांबाबतचे नियम शिथिल झाले, आणि २०२२ पासून न वटलेल्या चेकच्या बहुतेक प्रकरणांत तुरुंग टळतो. त्याआधी चेकपायी आत गेलेले दोन ओळखीचे मी पाहिले आहेत. दियाचा सर्वांत मोठा अनुभव आम्हाला शारजाच्या प्रकरणात आला. २००९ मध्ये बेकायदा दारूच्या धंद्यावरून झालेल्या मारामारीत एक पाकिस्तानी तरुण मेला आणि मार्च २०१० मध्ये सतरा भारतीयांना देहदंड झाला. दुबईतील एका भारतीय उद्योजकाच्या पुढाकाराने ३४ लाख दिरहम दिया भरली गेली आणि २०१३ मध्ये ते सतराही जण घरी परतले. भारतात अशा मुलांची सुटका कोणत्या कायद्याने झाली असती?

आणि नव्याने येणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. दिवाळीच्या फराळात अनारसे आणू नका. खसखस इथे अमली पदार्थांत मोडते, सौदीतही मोडते. "आईने करून दिले" हे कारण विमानतळावर चालत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

आमच्या मोहल्ल्यात असे एकही घर नसेल जिथले कोणी कुवेत, सौदी किंवा कतारला गेलेले नाही. माझे वडील सव्वीस वर्षे जेद्दात होते. त्यामुळे धागा मनापासून वाचला. एक गोष्ट मात्र स्पष्ट करावीशी वाटते. 'हात तोडतात' हे जितक्या सहज बोलले जाते, तितक्या सहज शास्त्रात सांगितलेले नाही. चोरलेली वस्तू ठरावीक किमतीच्या वर असली पाहिजे, बंदोबस्तात ठेवलेली असली पाहिजे, दोन साक्षीदार किंवा कबुली हवी, आणि चोराने भुकेपोटी चोरी केलेली नसावी. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर यांनी ही शिक्षाच थांबवली होती. व्यभिचाराला चार प्रत्यक्षदर्शी लागतात आणि ते आणता आले नाहीत तर आरोप करणाऱ्यालाच ऐंशी फटके आहेत. शंकेला जागा असेल तर हद्द (हुदूदमधली शिक्षा) टाळा, हा आमच्या फिकहचा (न्यायशास्त्राचा) मान्य नियम आहे. शिक्षा कडक ठेवायची आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट अरुंद ठेवायची, अशी ती रचना आहे.

मग ती वाट कोण रुंद करतो? सरकारे करतात. तुर्कस्तान, ट्युनिशिया, इंडोनेशियाचा बहुतेक भाग, इथे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि तिथे हात तोडले जात नाहीत. म्हणून 'इस्लामचा कायदा' म्हणताना कोणत्या देशाचा, कोणत्या राजवटीचा, हे आधी सांगावे अशी विनंती. माफीबद्दल आपण लिहिलेत ते वाचून मात्र डोळे भरून आले. खूनबहा (दिया) घेण्यापेक्षा माफ करणे श्रेष्ठ, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण करून दाखवणारा क्वचितच भेटतो.

प्रतिसाद (पुण्याहून, वकील)

थोडा इतिहास सांगतो, कारण ही व्यवस्था आपल्याला वाटते तितकी परकी नाही. कंपनी सरकारच्या काळात बंगालच्या फौजदारी न्यायालयांत इस्लामी दंडशास्त्रच चालत होते आणि मौलवी फतवा देऊन शिक्षा सुचवत. खुन्याला माफ करण्याचा वारसांचा अधिकार कॉर्नवॉलिसने १७९० मध्ये काढून घेतला, तेव्हापासून खून हा सर्वस्वी सरकारचा विषय झाला. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये स्वतंत्र दंडसंहिता लागू केली. भारतीय दंडसंहिता १८६० ची, ती २०२४ पर्यंत लागू होती.

परिणाम असा, की आपल्या न्यायालयात मृताचा बाप हा फार तर साक्षीदार असतो. तारीख कधी आहे हेदेखील त्याला शिपायाला विचारून कळते. पीडिताला निकालाविरुद्ध स्वतः अपील करण्याचा अधिकार ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. त्याआधी आरोपी सुटला तर त्या बापाने मुकाट्याने घरी जायचे. त्यामुळे वारसाच्या जागेबद्दलचा आपला आदर मला समजतो.

परंतु खून हा आपल्याकडे तडजोडीने मिटवता येत नाही, यामागेही कारण आहे. पाकिस्तानात १९९० मध्ये किसास आणि दियतचा कायदा आला. मुलीचा खून भावाने करायचा आणि वारस म्हणून बापाने त्याला माफ करायचे, असा मार्ग त्यातून मोकळा झाला. समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचचा भावाने खून केल्यानंतर २०१६ मध्ये तो अरुंद करण्यासाठी दुरुस्ती करावी लागली. लाहोरमध्ये दोघांना गोळ्या घालणारा अमेरिकी हेर रेमंड डेव्हिस २०११ मध्ये दिया भरून दोन महिन्यांत मायदेशी गेला. वारसावर दबाव आहे की नाही, हे तपासायला तिथे कोणी उभे असते का? आमच्याकडे साक्षीदार फुटतात, तसा तिकडे वारस फुटू शकतो, आणि तो फुटला तरी सगळे कायदेशीरच ठरते.

धागाकर्ता

वकीलसाहेबांचा मुद्दा बिनतोड आहे. वारसाची जागा सांगताना त्याच्यावर येणारा दबाव मी लिहायलाच हवा होता.

दुबईच्या ताईंनी विचारलेल्या सुरक्षिततेवर सविस्तर लिहितो. ती खरी आहे. मी स्वतः पाकीट टॅक्सीत विसरलो आणि ते परत मिळाले. पण तिचे सगळे श्रेय तलवारीला देणे मला पटत नाही. आखाती देशांत परदेशी माणसाचे राहणेच नोकरीला बांधलेले असते. इकामा (राहण्याचा परवाना) कफीलच्या (नोकरी देणाऱ्या जामीनदाराच्या) हाती, घरी कर्ज, आणि साध्या भांडणानेही मायदेशी रवानगी होण्याची भीती. जिथली लाखो माणसे महिन्याच्या पगारासाठी श्वास रोखून राहतात, तिथे रस्ते शांत असणारच. या शांततेचा मोठा हिस्सा आपल्याच लोकांच्या असहाय्यतेतून येतो, असे मला वाटते.

आणि रत्नागिरीच्या बंधूंनी सांगितलेली अरुंद वाट ही हुदूदची आहे. परदेशी माणसे मोठ्या संख्येने मरतात ती अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत, आणि तो ताझीर आहे. सौदीत वरिष्ठ उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मंडळाने १९८७ मध्ये तस्करीला देहदंडाचा फतवा दिला. २०२१ मध्ये अशा देहदंडांना स्थगिती असल्याचे सांगण्यात आले, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि २०२४ मध्ये झालेल्या ३०० हून अधिक देहदंडांपैकी १०० हून अधिक याच गुन्ह्यांसाठी होते. इथे ना चार साक्षीदारांची अट, ना माफी देणारा वारस. खुन्यासाठी जे दार उघडे आहे ते पोटात गोळ्या लपवून आणणाऱ्या गरीब हमालासाठी नाही. ही विसंगती मला आजही बोचते. (फटक्यांबाबत सुधारणा झाली हे सांगितले पाहिजे, एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताझीरमधील फटके बंद करून दंड किंवा कैद ठेवली.)

किसासमध्येही दार सगळ्यांना सारखे उघडत नाही. १९९६ मध्ये धहरानमध्ये एका ऑस्ट्रेलियन परिचारिकेचा खून झाला आणि दोन ब्रिटिश परिचारिकांना दोषी ठरवले गेले. मृताच्या भावाने दहा लाख डॉलरहून अधिक दिया स्वीकारली आणि मे १९९८ मध्ये दोघी घरी पोहोचल्या. आता श्रीलंकेची रिझाना नफीक पाहा. २००५ मध्ये दलालाने पासपोर्टवर वय वाढवून तिला मोलकरीण म्हणून पाठवले. खरे वय सतरा. काही आठवड्यांतच तिच्याकडे सोपवलेले चार महिन्यांचे बाळ दगावले. दूध पाजताना ठसका लागला, असे तिचे म्हणणे. पहिल्या जबाबाच्या वेळी वकील नव्हता आणि दुभाष्या त्या कामाला पात्र नव्हता. बाळाच्या आईवडिलांनी माफी दिली नाही, आणि ९ जानेवारी २०१३ रोजी दवादमीला तिचा शिरच्छेद झाला. ती बातमी मी बत्थात चहाच्या टपरीवर वाचली, आणि मला आमच्या ड्रायव्हरचा तो अंगठा आठवला.

माफी मिळाल्यावरही सगळे संपते असे नाही. किसासचा 'हक्क खास' वारसांचा, पण 'हक्क आम' सरकारचा उरतो. कोझिकोडचा एक चालक २००६ पासून रियाधच्या तुरुंगात होता. केरळी लोकांनी २०२४ मध्ये लोकवर्गणीतून दीड कोटी रियाल, म्हणजे सुमारे चौतीस कोटी रुपये उभे केले, जुलैमध्ये देहदंड रद्द झाला, आणि नंतर हक्क आमपोटी भोगलेला काळ धरून वीस वर्षांची कैद झाली.

प्रतिसाद (खेडहून)

मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझा धाकटा भाऊ सौदीत कॅम्पमध्ये झालेल्या भांडणात मारला गेला. मारणारा मुलगाही भारतीय, उत्तर प्रदेशातला. गेल्या महिन्यात त्याचे वडील आणि गावचे प्रधान आमच्याकडे आले होते. सोबत तयार माफीनामा होता. आईने, वहिनीने आणि मी सही करावी म्हणून. ते पैसेही देऊ म्हणाले, किती ते सांगितले नाही. ते जेवले नाहीत, ओसरीवर बसून रडत होते. आम्हाला काय करावे ते कळत नाही. सही केली तर नेमके काय होते?

धागाकर्ता

ताई, तुमच्या दुःखापुढे माझे लिखाण फार लहान आहे. विचारलेत म्हणून जेवढे मला पक्के ठाऊक आहे तेवढे सांगतो.

घाईने सही करू नका. विनाअट माफी आणि दिया घेऊन माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर कोणती लिहिली आहे ते आधी वाचून घ्या. विनाअट लिहिले असेल तर नंतर रक्कम मागता येत नाही. दुसरे, हंबली मतानुसार वारसांपैकी एकानेही माफ केले तरी देहदंड सर्वांच्या वतीने संपतो, मग बाकीच्यांना दियेतला आपापला वाटा मागता येतो. म्हणजे एकट्या आईंची सही पुरेशी आहे. भावाला मुले असतील तर त्यांचा वाटा वेगळा धरला जातो, तो कोणी परस्पर सोडू शकत नाही. वारस दाखला काढून ठेवा. मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते त्या मुलाच्या बाजूच्या कोणालाही देऊ नका, रियाधच्या भारतीय वकिलातीमार्फतच काम करा. आणि तुम्ही सही केलीत किंवा नाही केलीत, तरी कोणी तुम्हाला बोल लावू शकत नाही. हा हक्क सर्वस्वी तुमचा आहे.

प्रतिसाद (खेडहून)

आपले उत्तर आईला दोनदा वाचून दाखवले. तिच्या एकटीच्या सहीने तो मुलगा वाचतो, हे तिला माहीत नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग त्या माणसाचा फोन नंबर मागितला, आणि त्याला विचार म्हणाली, मुलाला आई आहे का.